न मोडणारा भाला

रत्नागिरी
बुधवार, २४ फेब्रुवारी १९८८

प्रिय धाकू,

तुझा नवा पत्ता तुझी बहीण हौसा हिच्याकडून घेतला. परवा ती मच्छीबाजारात भेटली. पत्ता मागितला तर लगेच देईना. "महिपतदादा, भांडायला लिवत नाय ना?" असं विचारलं. मी नाही म्हणालो. मग माझ्या हातातल्या पिशवीवरच पेनने लिहून दिला. तो बरोबर उतरून घेतला आहे असं समजतो.

शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत बसून लिहितो आहे. चौथा तास चालू आहे. पाचव्याला नववीची मुलं प्रयोगशाळेत येतील, तेव्हा नळ्या मांडून द्यायला उठावं लागेल. घरी लिहायला बसलो की आई समोर येऊन बसते आणि कोणाला लिहितोस म्हणून विचारते. चार वेळा सुरू करून चारही कागद फाडले. मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. तुला पन्नास-साठ कार्डं पाठवली असतील, पण त्यांत वार बसला, वार चुकला, इतकंच असायचं.

जानू संक्रांतीच्या आदल्या दिवशी गेला. ते तुला कळलं आहे. दुपारी पेज घेतली, दोन घास. मग कूस बदलून दे म्हणाला. मी बदलून दिली आणि शाळेची हजेरी लावायला निघालो. मांडवीच्या नाक्यापर्यंत पोचलो नसेन, शेजारचा दादू सायकलवरून हाका मारत आला. एवढंच. तू मयताला आला नाहीस, तेराव्यालाही नाहीस. गावची माणसं बोलली. मुंबईत महिपतच्या भावाबरोबर एकाच खोलीत एका ताटात जेवलेला माणूस, असं म्हणाली. मी तिथेच उभा होतो. तू का आला नाहीस हे त्या सगळ्या माणसांत एकट्या मला ठाऊक होतं आणि मी तोंड उघडलं नाही. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढे जे आहे ते याच्यासारखंच आहे.

आपला कार्डांवरचा खेळ कसा सुरू झाला ते तुला आठवत असेल, तरी लिहितो. मला सगळं पहिल्यापासून लावून बघावं लागतं, त्याशिवाय चूक कुठे झाली ते सापडत नाही. सरकारकडून शाळेला दोन कॉम्प्युटर आले आणि मला दहा दिवस शिकायला पाठवलं. परत आलो तेव्हा हेडमास्तरांनी खोलीची किल्ली माझ्याकडे दिली, कारण बाकी कोणाला ती नको होती. मुलांना बेरजा-गुणाकार करून दाखवायचो. मग गणपतीला जानू आला आणि त्या पडद्यासमोर बसून म्हणाला, "दादा, बेरजा काय करतोस? याच्यात माणसं घाल की." एक बेट, बेटावर भुयारं, त्यात पाण्यातले गिऱ्हे आणि राक्षस, आणि खोलीतली आपली माणसं हत्यारं घेऊन उतरलेली. प्रत्येकाने आपलं सोंग घ्यायचं. लालबागच्या खोलीतून दर आठवड्याला प्रत्येकाने एक कार्ड टाकायचं, मी शनिवारी शाळा सुटल्यावर सगळ्यांच्या चाली यंत्रात घालायच्या आणि निकाल कार्डावर लिहून पाठवायचा. पडदा तुम्हाला दिसणार नव्हता. तुम्हाला फक्त माझं अक्षर दिसणार होतं.

आकडे लपवायची कल्पनासुद्धा जानूचीच. मी सगळे आकडे कार्डावर लिहिणार होतो. तो म्हणाला, कबड्डीत समोरच्याचा दम किती उरलाय हे कोणी पाटीवर लिहून दाखवतं का? म्हणून हत्याराचा 'मार' आणि अंगातली 'ताकद' एवढे दोनच आकडे तुम्हाला कळायचे. चपळाई, मोडण्याचा धोका आणि थकवा हे तीन यंत्रात राहायचे आणि माझ्या वहीत.

आता ते सांगून टाकतो. हत्याराला काहीही जोडलं की त्याचा मार वाढायचा आणि आतलं काहीतरी कमी व्हायचं. साध्या भाल्याचा मार चार आणि चपळाई सात. त्याच्या दांड्याच्या टोकाला पितळी शेंबी बसवली की मार एकाने वाढायचा आणि चपळाई एकाने उतरायची. लांब दांडा घातला की मार आणखी एक वर, चपळाई दोन खाली, कारण लांब हत्यार फिरवायला वेळ लागतो. पातं लोहाराकडून तापवून, पाण्यात बुडवून कडक पाजून घेतलं की मार एकदम तीनने वाढायचा, पण मोडण्याचा धोका चाळिसात एक होता तो दहात एक व्हायचा. आपल्या गावच्या लोहाराने फार कडक पाजलेली कोयती फणसाच्या गाठीवर कशी तुटून उडते ते लहानपणी बघितलं होतं, तिथून घेतलं. आणि तिन्ही गोष्टी असलेलं जड हत्यार उगारून नुसतं पहाऱ्याला उभं राहिलं तरी दर आठवड्याला ताकद एकाने कमी होत होती. साधं हत्यार असेल तर काही होत नसे. तुम्ही सगळे मार वाढवत सुटलात. फार मजा यायची मला. तुमच्यातल्या कोणालाच कळत नव्हतं की आपण हत्यार चांगलं करतोय की बिघडवतोय.

घंटा झाली. येतो.

*

मुलं गेली. एका मुलाने परीक्षानळी फोडली, ती झाडून काढली. पुन्हा बसलो तर पाय थांबत नाही, टेबलाखाली सारखा हलतो. जानू गेल्यापासून हे लागलं आहे. वर्गात शिक्षक बोलत असतात आणि मी मागे उभा राहून कपाटाची कडी उघडतो, लावतो. परवा हेडमास्तर म्हणाले, महिपत, चार दिवस रजा घे. रजा घेऊन जाऊ कुठे? घरात जानूची कॉट आहे.

तुमच्या खोलीवरच्या गमती जानू मला सुट्टीत सांगायचा. कार्ड आलं की खोलीचे कारभारी भागोजीकाका चष्मा लावून, जेवणं व्हायच्या आधी, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे. तुझी कोयती पहिल्यांदा मोडली तेव्हा बाबल्या म्हणाला होता, "धाकू, आता वरवंटा घे हातात, तो काय मोडायचा नाय!" आणि तू म्हणालास, "वरवंटा तुझ्या डोक्यात घालीन, मग मार किती ते दादाला इचार." जानू हे सांगताना हसून हसून खाली बसायचा. सुरुवातीला सहा जण खेळत होतात. भागोजीकाका पहिल्याच भुयारात मेले आणि त्यांनी ते मनाला लावून घेतलं. हळूहळू बाकीचे गेले आणि बेटाच्या माथ्यावर तुम्ही दोघंच उरलात, आता जो दुसऱ्याला पाडील त्याचं बेट. तू गोदीतून दमून येऊनसुद्धा एक शनिवार चुकवला नाहीस. कोयतीला एकेक गोष्ट जोडायला तू वर्ष घालवलंस.

गेल्या मार्चमध्ये मी मुंबईला आलो होतो. जानूच्या पायांना सूज होती म्हणून दवाखान्यात दाखवलं, तेव्हा तूही बरोबर होतास. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं आणि तू बाहेर जानूबरोबर बाकावर बसलास. बाहेर आल्यावर मी तुम्हाला सांगितलं की लघवीचा विकार आहे, पथ्य पाळलं की उतरेल. ते खरं नव्हतं. दोन्ही मूत्रपिंडं गेल्यातच जमा होती. वर्षभर, फार तर दीड वर्ष, असं डॉक्टर म्हणाले. मी एस.टी.ने परत आलो. शनिवारी शाळा सुटल्यावर या खुर्चीत बसलो, खेळाची कॅसेट यंत्राला लावली, तुमची दोघांची कार्डं समोर ठेवली. मग ज्या ओळीत हत्यार मोडण्याचं गणित आहे ती ओळ पडद्यावर आणली आणि तिच्यात एवढंच वाढवलं की खेळणारा जानू असेल तर हत्यार मोडायचं नाही.

एका ओळीचं काम. पाच मिनिटंही लागली नाहीत.

धाकू, तुझा संशय खरा होता. हे लिहायला मला सहा महिने लागले.

मला वाटलं होतं की कोणाला कळणार नाही. पण जानूच्या भाल्याने त्यानंतर एकवीस वार केले आणि तो एकदाही मोडला नाही. दहात एक धोका असलेलं पातं. तुझी कोयतीही तितकीच कडक पाजलेली, ती तेवढ्यात तीनदा मोडली. दर वेळी तू नवी घेतलीस, पुन्हा पहिल्यापासून जोडत आलास आणि पुन्हा मोडली. ऑगस्टमध्ये ती तिसऱ्यांदा मोडली तेव्हा तू मला बंद पाकिटातून लिहिलंस. ते पत्र माझ्याकडे आहे. तू कोणावर आरोप केला नव्हतास. तू लिहिलं होतंस, "दादा, आम्हाला आतले आकडे दाखवू नकोस, पण दोघांना सारखेच आहेत एवढं फक्त सांग. तू सांगितलंस की मी मानीन."

तू माझ्याकडे एवढंच मागितलंस. मी बंद पाकिटाला उघड्या कार्डाने उत्तर दिलं. ते भागोजीकाका मोठ्याने वाचणार, जेवायला बसलेले वीस जण ऐकणार आणि त्यांत आजारी जानू असणार, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच कार्ड घेतलं. तुझं तोंड बंद व्हावं म्हणून. त्यावर मी लिहिलं, "यंत्र खोटं बोलत नाही. धाकूने हरायला शिकावं."

त्या संध्याकाळी काय झालं ते मला नंतर बाबल्याने सांगितलं. "आजारी माणसाबरोबर आकड्यावरून भांडतोस, लाज वाटते का?" असं कोणीतरी म्हणालं आणि मग सगळेच बोलले. तू ताट तसंच ठेवून उठलास. दुसऱ्या दिवशी ट्रंक उचलून गेलास. जानू तुझ्या मागे जिन्यापर्यंत गेला आणि त्याला दम लागला म्हणून पायरीवर बसला. बाबल्या म्हणाला की तू वळून बघितलंस आणि परत येऊन त्याला वर पोचवलंस आणि मगच गेलास. हे जानूने मला कधी सांगितलं नाही.

*

गुरुवार. काल एवढ्यावर थांबलो. लाइट गेली होती आणि खोलीत अंधार झाला. खरं म्हणजे लिहिण्यापुरता उजेड होता. आज मधल्या सुट्टीत लिहितो.

दिवाळीनंतर जानूला घरी आणला. माझ्या मांडवीच्या खोलीत खिडकीजवळ कॉट टाकली. गावाहून आई आली. पेजेत मीठ घालायचं नाही, पाणी मोजून द्यायचं, हे तिला काही केल्या पटत नव्हतं. "मिठाबिगर पेज म्हंजे काय माणसाचं खाणं?" म्हणायची आणि डोळा चुकवून लोणच्याची फोड द्यायची. जानू ती तोंडात धरायचा आणि ती वळली की थुंकायचा. तिला वाईट वाटायला नको म्हणून.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याने खेळ पुन्हा सुरू करायचा म्हटलं. दोन महिने बंद होता. मी म्हणालो, धाकू खेळत नाही. तो म्हणाला, नियम काय आहे? नियम असा होता की ज्याचं कार्ड येत नाही त्याचा माणूस असेल तिथेच राहील, त्याची ताकद वाढायची नाही आणि घटायचीही नाही. म्हणजे तू माथ्यावर मोडकी कोयती घेऊन तसाच होतास, ताकद सहा. जानूची ताकद चौदा. एका दमात त्याने तुला संपवलं असतं. मला वाटलं, चला, जिंकेल, तेवढंच सुख.

आणि त्याची चाल तो मला तोंडाने सांगायला तयार नव्हता. मी त्याच खोलीत, चार हातांवर, तरी कार्ड लिहायचा आणि आईकडे पेटीत टाकायला द्यायचा. ते पोस्टात जायचं, शिक्का बसायचा आणि शाळेच्या पत्त्यावर मला मिळायचं. आई म्हणायची, "एका घरात ऱ्हाता नि टपालानं बोलता? येडे झालात काय रे दोघं?" जानू म्हणायचा, "आये, नियम म्हंजे नियम."

पहिल्या कार्डावर दोनच शब्द होते. "उभा आहे." म्हणजे पहारा. वार नाही, विसावाही नाही. पुढच्या आठवड्याला तेच. मग तेच. आठ शनिवार आठ कार्डं, सगळ्यांवर तेच. अक्षर दर वेळी थोडं जास्त वाकडं. मला वाटलं, त्याला आता विचार करवत नाही. हात थकले आहेत, दोन शब्दांपलीकडे लिहवत नाही. मी ते यंत्रात घालायचो आणि उठायचो. पडद्यावर त्याची ताकद दर आठवड्याला एकाने उतरत होती. ती मी बघत होतो आणि बघत नव्हतो. कॉटवरही तेच चाललं होतं, ते बघवत नव्हतं, तर पडद्यावरचं कुठे बघू?

नववं कार्ड एक जानेवारीला शाळेत आलं. ते पूर्ण लिहिलं होतं. "शेंबी काढली. लांब दांडा कापून आखूड केला. पाजलेलं पातं टाकून साधं बसवलं. धाकूसमोर साधा भाला घेऊन उतरलो. वार."

मी ते वाचलं आणि मला वाटलं, याने हाय खाल्ली. वर्षभर जमवलेलं सगळं एका दिवसात काढून टाकलं, म्हणजे याला आता हरायचंय, जायचंय. मला ते सोसेना. मी कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं. शनिवारी यंत्रात माझ्या मनाने चाल घातली, तिन्ही गोष्टी असलेल्या, न मोडणाऱ्या भाल्याचा वार. तुझा माणूस दुसऱ्या घावाला पडला.

घरी जाऊन मी मोठ्याने सांगितलं, जानू, जिंकलास, बेट तुझं झालं. आईने शेजारी साखर वाटली. ती वाटताना तिला आपण कशाची वाटतोय तेही कळत नव्हतं, पण कितीतरी दिवसांनी घरात काही चांगलं बोललं गेलं होतं. जानू माझ्याकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "दादा, माझं कार्ड मिळालं नाय?"

मी म्हणालो, या आठवड्याचं नाही मिळालं. म्हणून चाल मीच घातली.

तो म्हणाला, "असेल. पोस्टाचंच काहीतरी झालं असेल." आणि माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघून डोळे मिटले. खिशातून कार्डाची कड वर आली होती. हे मला दुसऱ्या दिवशी शर्ट काढून धुवायला टाकताना कळलं.

त्यानंतर तो अकरा दिवस होता. पाणी, कूस, औषध, एवढंच बोलणं झालं. खेळाचं नाव त्याने काढलं नाही. मीही काढलं नाही.

सुट्टी संपली.

*

शुक्रवार. आज संपवायचंच.

तेराव्यानंतर आई घर बघून यायला चार दिवस गावाला निघाली तेव्हा तिने जानूची एक वही माझ्याकडे दिली. "पाठची पानं कोरी हायत, साळंत कामाला येतील," म्हणाली. छापखान्यात बायंडिंगचं काम करताना उरलेल्या कागदांची त्याने स्वतः बांधलेली वही, जाड पुठ्ठ्याची. मी ती शाळेत आणून कपाटात टाकली. पंधरा दिवस उघडली नाही. गेल्या शनिवारी उघडली.

त्यात पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक वार लिहिला होता. तुझा आणि त्याचा. कोणतं हत्यार, काय जोडलेलं, कोणी आधी मारलं, बसला की चुकला, मोडलं की नाही, पहाऱ्याच्या आठवड्यात ताकद किती उतरली. मी जे तीन आकडे लपवले होते ते तिन्ही त्याने नुसत्या निकालांवरून काढले होते. चपळाई अगदी बरोबर. थकवा बरोबर. मोडण्याच्या आकड्याजवळ तुझ्यासाठी लिहिलं होतं, "दहात एक." स्वतःसाठी लिहिलं होतं, "कधीच नाही. दादाने केलंय." खाली तारीख होती. तू खोली सोडून गेलास त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

म्हणजे पाच महिने त्याला ठाऊक होतं. माझ्या हातून पाणी पीत होता, माझ्या खांद्याला धरून उठत होता आणि ठाऊक होतं.

शेवटच्या पानावर दोन रकाने होते. एकाच्या डोक्यावर जानू, दुसऱ्याच्या डोक्यावर धाकू. मोडक्या कोयतीचा मार चार. साध्या भाल्याचा मार चार. मोडकी कोयती आखूड आणि हलकी, म्हणून चपळाई सात. साध्या भाल्याची सात. माझ्या त्या ओळीवर त्याचा इलाज चालणार नव्हता, पण साधा भाला तसाही क्वचितच मोडतो. तुझी ताकद सहा. स्वतःच्या ताकदीच्या रकान्यात त्याने चौदा लिहून खोडलं होतं, मग तेरा, बारा, अकरा, दर शनिवारी एक, सहापर्यंत. तिथे थांबून खाली लिहिलं होतं, "आता सारखे."

धाकू, मी ते आकडे बनवले. सगळ्या जगात ते मला एकट्याला पाठ होते. जड भाला उगारून उभं राहिलं की ताकद उतरते, हा नियम मीच त्यात घातला. आणि तो आठ आठवडे मुद्दाम ते जड हत्यार धरून आपली ताकद तुझ्या ताकदीपर्यंत खाली आणत होता, आणि आली तेव्हा त्याने भाला हलका केला, हे मला दिसलं नाही. मला वाटलं, हरायला निघाला. तो बरोबरीने लढायला निघाला होता. मी तुझ्याशी केलेलं त्याने आपल्या हाताने निस्तरलं, एवढ्या तापात, एवढ्या सुजेत, आणि मी ते कार्ड खिशात घातलं.

काल भागोजीकाकांच्या नावाने उघडं कार्ड टाकलं आहे. त्यात लिहिलं की यंत्रात फेरफार महिपतने केला होता, धाकूचं म्हणणं खरं होतं, हे सगळ्यांसमोर वाचावं. ते वाचतील. शिमग्याला खोलीतली माणसं गावात येतील तेव्हा मला जे ऐकवायचं ते ऐकवतील, त्याची मी तयारी ठेवली आहे. तू परत त्या खोलीत जावंस असं मी म्हणत नाही. तुला जिथे ठीक वाटतं तिथे राहा.

मी हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. माफीसाठीही नाही, ती द्यायची की नाही ते तू ठरव. मी दर शनिवारी खेळ दोन कॅसेटांवर आळीपाळीने उतरवून ठेवतो. त्यामुळे मी खोटा वार घातला त्याच्या आधीच्या शनिवारचा डाव जसाच्या तसा माझ्याकडे आहे. तू माथ्यावर, ताकद सहा. जानू समोर, ताकद सहा. ती ओळ मी काढून टाकली आहे. जानूचं नववं कार्ड टेबलावर ठेवलं आहे. गेल्या शनिवारी ते यंत्रात घालायला बसलो आणि हात थांबला, कारण समोरच्याची चाल माझ्याकडे नाही. मी ठरवली तर तो पुन्हा माझाच खेळ होईल, आणि त्याला तो नको होता. ती चाल फक्त तूच देऊ शकतोस. म्हणून लिहिलं. सोबतच्या कागदावर लपवलेले सगळे आकडे आहेत, दोघांचे, एकही राखून ठेवलेला नाही. ते बघ आणि एक कार्ड पाठव. तो गेलाय म्हणून वार हलका करू नकोस, आणि माझा राग म्हणून जोराचाही करू नकोस. वार लिही, विसावा लिही, नाहीतर खेळत नाही एवढंच लिही. तू जे लिहिशील तेच मी घालीन, आणि जो निकाल येईल तोच तुला कळवीन.

तुझाच,
महिपत